विहिणीचा रुसवा, स्पॅनिशमधून

कळंब, ता. आंबेगाव
१५ जून २०२५

लाडके शिरू,

तुझ्या आजीचा तुला पोटभर आशीर्वाद, आन् पोटातल्यालाबी त्यातलाच वाटा.

बातमी ऐकल्यापास्नं मी अशी हरखलेय की सकाळी चहात साखरेच्या जागी मीठ घातलं. तुझे आबा मुकाट्यानं पिऊन गेले आन् वर म्हणाले, आज चहा बरा झाला. लग्नापास्नं त्यांनी माझ्या चहाला बरा म्हणलेलं हे पयलंच. म्हंजे तेबी ठिकाणावर न्हाईत.

फोन सोडून कागदावर का लिहिते, तर फोनवर बोलताना तुझ्या आईचे कान सयपाकघरातनं लागतात आन् आबांचे ओट्यावरनं. कागदाला कान नसतात. लिहून झालं की तुझ्या भावानं, आदेशनं, शिकवलं तसा फोटू काढून धाडते. माझं शिक्षण चौथी. काना-मात्रा कमी पडला तर तुझ्या पदरचा लाव.

आता कामाचं. पयलं बाळंतपण माहेरी, हे काय मी सांगायला नको. सातव्या म्हयन्यात डोहाळजेवण, मंग इकडनं तुला न्यायला मूळ. रविवारी तुला विचारलं कधी येतीस, तर तू म्हणालीस, सासूबाईंचं काय ते बघावं लागेल. शहाणी हायेस. सासूच्या तोंडून 'घेऊन जा' निघाल्याबिगर पोर माहेराला येत न्हाई, मग ती कळंबात असो न्हाईतर स्पेनात. माझ्या येळंला माझे मामा ओतूरवरनं छकडा घेऊन आले व्हते. सासूबाईंपुढं मुंडासं काढून बसले, इकडचं-तिकडचं बोलले, कांद्याचं बोलले, मंग हळूच म्हणाले, पोरीला पाठवा. सासूबाईंनी पार चहा गार व्हईस्तोवर उत्तर दिलं न्हाई. मंग हो म्हणाल्या. असं असतंय ते.

तवा तुझ्या सासूबाईंना, पिलारबाईंना, मागणं मी घालणार. त्यांच्याच बोलीत. तू मधी पडायचं न्हाई, आपलंच मूळ आपणच मागायचं म्हंजे नवरीनं आपल्याच वरातीत वाजवायला बसायचं. आदेश म्हणाला, आजी, तू मराठीत बोल, मोबाईल त्याचं स्पॅनिश करतो. करून दाखवलंबी. यष्टी फलाटावर लागल्याची सूचना देत्यात ना, तसला आवाज. त्या आवाजात विहिणीची मनधरणी करायची म्हंजे पाय धुवायला बोअरची मोटर लावायची.

मी स्पॅनिश शिकते. सगळी न्हाई. एका मागण्यापुरती.

तुझी आजी
कुशाबाई

*

सारागोसा
२९ जून २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र मी ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचलं आणि इतकी हसले की पवनचक्कीचे आराखडे काढणारे आमचे सगळे इंजिनियर माना वळवून बघायला लागले. घरी येऊन अल्वारोला सगळं सांगितलं. चहात मीठ ऐकून तो म्हणाला, माझा आबांबद्दलचा आदर वाढला.

पण आजी, स्पॅनिशचं एवढं मनावर घेऊ नकोस. मला इथं येऊन दोन वर्षं झाली तेव्हा कुठे कोपऱ्यावरची भाजीवाली माझ्या बोलण्यावर हसायची थांबली. क्रियापदं माणसागणिक बदलतात. तुझे गुडघे आधीच दुखतात, त्यात डोकं कशाला.

सासूबाईंचं विचारशील तर त्यांच्या मनाचा थांग लागत नाही. विषय निघाला होता, त्या नुसतं 'हं' म्हणाल्या. बघू. अजून वेळ आहे. सध्या मला लिंबाचं लोणचं सोडून कशाचाच वास सहन होत नाही. अल्वारो बिचारा कांदा बाल्कनीत जाऊन चिरतो.

आबांना नमस्कार. मम्मीला यातलं काही सांगू नकोस.

तुझी
श्रेया

*

कळंब
२० जुलै २०२५

शिरू, बुएनास तार्देस. म्हंजे दुपार झाली.

शिकवणारी बाई फोनात असते, दिल्लीकडची हाय, हिंदीतनं शिकवते. मी सासू-सुनांच्या हिंदी शिरेली बघते म्हणून तुझी आई नाक मुरडायची, आता गप हाय. शिरेली बघितल्या नसत्या तर आज मी स्पॅनिश शिकले असते का. बाई दिसायला गोड, पण बोलणं म्हंजे मळणीयंत्र. मी बोट लावून तिला थांबवते आन् तेच तेच परत बोलायला लावते. रागवत न्हाई. आमच्या चौथीच्या मास्तरांना एक गोष्ट दोनदा विचारली की हात पुढं करायला लागायचा.

आता घरात पिठाला आरिना म्हणतेत आन् कांद्याला सेबोया. पाण्याला आग्वा. आबा परवा शेतावरनं आले, हातपाय धुतले आन् माझ्याकडं न बघता म्हणाले, आग्वा. मी तांब्या दिला. त्यांना वाटलं आपण शिकलो, मला वाटलं मी शिकवलं. गाईला मी बेन म्हणते, म्हंजे ये. येते. आधीबी यायची, पेंड दिसली की.

एका धड्यात ती बाई म्हणते, माझ्या नवऱ्याचं नाव अमुक हाय, असं म्हणा. मी धडा पुढं ढकलला. भाषा परकी असली तरी नवरा त्योच हाय.

आन् ऐक, त्यांच्यात विहिणीला शब्द हाय. कोनसुएग्रा. आदेशला विचारलं तर म्हणे इंग्रजीत असा शब्दच न्हाई. अगं ज्या लोकांत विहिणीला नाव न्हाई त्यांच्यात लग्नं कशी लागत असतील. पण स्पेनात हाय. आन् जिथं विहीण हाय तिथं विहिणीचा रुसवा हाय. इथंच माझी ट्यूब पेटली.

तुझ्या लग्नातली विहिणीची पंगत आठव. मंचरच्या कार्यालयात. पिलारबाईंना खाली बसता येणार न्हाई म्हणून तुझ्या बापानं त्यांच्यासाठी टेबल-खुर्ची मांडली. टेबलाच्या पायाशी रांगोळी, टेबलावर उदबत्त्या. मी तवाच म्हणलं व्हतं, सुदर्शन, हे हाटेलात बसवल्यागत दिसतंय. आन् झालं काय? बाई त्या टेबलाकडं फिरकल्याच न्हाईत. सरळ जाऊन बायकांच्या पंगतीत, आपल्या गजराबाईशेजारी, मांडी घालून बसल्या. मानाची विहीण आन् जेवली पंक्तीला. उदबत्त्या नुसत्या टेबलाला ओवाळत बसल्या.

बरं, त्यावर रुसायचं तर रुसल्याबी न्हाईत. तुझ्या आत्याची सासू मोडका पापड वाढला म्हणून रुसली, कार्यालयाच्या दाराशी जाऊन बसली, मी जाऊन हातापाया पडले, वर लुगडं दिलं, मंग उठली. त्याला लगीन म्हणायचं. विहीण रुसली न्हाई तर लगीन अळणी. पिलारबाई मात्र हसत पोळ्या खात बसल्या. मला तवाच चुकल्यागत वाटलं व्हतं.

आता समजलं. रुसवा त्यांनी मनात धरलाय. मानाचं पान चुकलं त्याचा. आन् आज पोर पाठवायची येळ आली तर नुसतं 'हं' म्हणतात. खरं सांग, त्या कधी त्या टेबलाचं काढतात का? मला आधी रुसवा काढाया लागंल, मंगच मागणं. म्हंजे धडे वाढले.

कुशाबाई

*

सारागोसा
२ ऑगस्ट २०२५

प्रिय आजी,

नाही गं, टेबलाचं त्यांनी माझ्याजवळ कधी काढलं नाही. मनात काही असलं तर मला काय ठाऊक. पण तुझी काही चूक नव्हती, एवढं मात्र नक्की.

इकडे सगळं छान आहे. आम्ही पूर्वेकडची खोली बाळासाठी रिकामी केली. अल्वारोने भिंतींना पिवळा रंग दिला आणि अर्धा स्वतःच्या केसांना. इथे सुईणीचा वर्ग असतो, सरकारीच. नवऱ्यांनीही यायचं असतं. श्वास कसा घ्यायचा ते शिकवतात. अल्वारो माझ्यापेक्षा जोरात घेतो, परवा त्यालाच घेरी आली. सुईणबाई म्हणाली, याला त्या दिवशी खुर्ची देऊन ठेवू.

आजी, गोधडी इतक्यात शिवायला घेऊ नकोस. घाई नाही.

तुझी
श्रेया

*

कळंब
२४ ऑगस्ट २०२५

शिरू, गोधडी तर झालीसुद्धा.

आबांचं जुनं धोतर आन् माझी मऊ झालेली लुगडी. वरनं तुझ्या परकराचा तुकडा लावलाय, लाल फुलांचा, तू शाळेच्या भोंडल्याला नेसायचीस त्यो. गोधडी झाली, डिंक आणलाय, खारका फोडायच्यात. तू काय घाई न्हाई म्हणतीस, पोर काय थांबून ऱ्हाणारे का.

श्रावणी सोमवारी भीमाशंकरला गेले व्हते. पायऱ्यांवर एक गोरं जोडपं भेटलं. मी हाताला आलेली संधी सोडते व्हय. म्हणलं, बुएनोस दियास. दे दोंदे सोन. कुठले तुमी. त्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं, मंग माझ्याकडं. निघाले रशियाचे. पण त्यो बाप्या म्हणाला, राम राम. त्याला मराठी, मला स्पॅनिश, आन् दोघांचंबी एकमेकाच्या काय कामाचं न्हाई. त्यांना पेढा दिला.

आता तालमीचं सांगते. गजराबाईला मी पिलारबाई केलं. तुला ठाऊक हाय, गजराबाईचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं, कुणापुढं वाकायची तिला सवय न्हाई. आधी मला म्हणाली, कुशे, या वयात शिकून काय परदेशात मेंढरं वळायला जातीस का. पण विहीण व्हायला मिळतंय म्हणल्यावर डोक्यावर पदर घेऊन बसली ओट्यावर. मी पुढं बसले. म्हणलं, पेर्दोन, सेन्योरा, टेबलाचं चुकलं. तर तिनं तोंड फिरवलं. मी परत म्हणलं. तिनं परत फिरवलं. मी म्हणलं, अगं गजरे, एकदा तरी मान, मला पुढचं बोलायचंय. तर म्हणते, माझ्या पोरीच्या लग्नात मला कुणी रुसू दिलं न्हाई, आता रुसते, गप बस. शेवटी चोळीचा खण दिला तवा मानली. आबा जोत्यावरनं सगळं बघत व्हते. म्हणाले, ही गजराबाई तुझी एवढी दमछाक करते, तर ती खरी काय करंल.

पण मागणं पाठ झालं. आता तू एक कर. येत्या रविवारी पिलारबाईंना फोनसमोर बसव आन् तू घराबाहेर जा. बाजारात जा, कुठंबी जा. पण तिथं थांबू नको. पोर समोर असली की सासूला खरं बोलता येत न्हाई.

कुशाबाई

*

सारागोसा
२८ ऑगस्ट २०२५

प्रिय आजी,

रविवारचं जमणार नाही. ऑगस्टमध्ये इथली निम्मी माणसं समुद्रावर असतात, सासूबाईही बहिणीकडे गेल्या आहेत. तिथे रेंज नसते. आल्यावर मीच बघते काय ते. तू फोन करू नकोस, माझं मी विचारते.

खारका फोडू नकोस, तुझे हात दुखतात.

गोधडीचा फोटो मी अल्वारोला दाखवला. परकराचा तुकडा बघून मला रडू आलं. आजकाल कशानेही येतं.

तुझी
श्रेया

*

कळंब
२१ सप्टेंबर २०२५

शिरू,

मी फोन केला.

रागावू नको. सातवा लागायला आला, आन् तू 'बघते, बघते' म्हणतीस. मला वाटलं, पोर सासूला भिते. आपली शिरू, जी शाळेत पोरांना दगडं मारायची, ती सासूला भिते म्हणल्यावर मला ऱ्हावंना. आदेशनं जावईबापूंकडनं नंबर आणला. त्यांनी दिला, कशाला ते विचारलं न्हाई. गुणाचा हाय.

मी काठापदराचं नेसले. कुंकू जरा मोठं लावलं. मोबाईल तांब्याला टेकवून ओट्यावर ठेवला. आबांना शेतावर पाठवलं, तुझ्या आईला गजराबाईकडं. एकटीच बसले.

पिलारबाई आल्या. अंगाला सयपाकाचा फडका बांधलेला, हाताला पीठ. मला बघून आधी घाबरल्या. काय झालं, कोण गेलं, असं काहीतरी. मी म्हणलं, न्हाई न्हाई, सगळे धड हायेत, तुमी बसा. हे मी स्पॅनिशमधी बोलले शिरू. आधी पाठ केलेलं न्हाई, आपोआप आलं. माझं मलाच नवल वाटलं. त्या खुर्चीत बसल्याच, बसल्या म्हणण्यापेक्षा टेकल्या.

मंग मी सगळं बोलले. टेबलाचं चुकलं, माफ करा. मान तुमचा व्हता, तो आमी राखला न्हाई. आता रुसवा सोडा. पोर आमची, पण आता तुमची हाय. तुमी हो म्हणल्याबिगर ती येणार न्हाई, आन् यावंबी न्हाई. एवढं बाळंतपण आमाला करू द्या. बाळ आन् बाळंतीण, दोघं तुमच्या दारात आणून सोडते.

मी मनात म्हणलं, गजराबाईची तालीम कामाला आली, आता तोंड फिरवणार. पण त्यांनी फडक्यानं डोळे पुसले. पीठ लागलं गालाला. आन् मंग बोलायला लागल्या, अगदी सावकाश, एकेक शब्द पाटावर मांडल्यागत. त्या फोनातल्या बाईपेक्षा बऱ्या शिकवतील.

आधी म्हणाल्या, कुठलं टेबल? त्यांना टेबल आठवतबी न्हाई. गजराबाई आठवते. तिनं पानात न विचारता पोळी टाकली, नको म्हणलं तर आणिक टाकली, आन् मांडीवर हात मारून हसली. त्या म्हणाल्या, त्या दिवशी मला वाटलं मी पावणी न्हाई. शिरू, दोन म्हयनं मी ज्या रुसव्याचा काटा काढायला निघाले त्यो बोचलेलाच न्हाई.

आन् मंग म्हणाल्या, "मी जूनमधीच तिला म्हणाले, आईकडं जा. तिकीट मी काढते म्हणाले. तीच नको म्हणाली."

नो कियेरे. तिला नको हाय. मला वाटलं मला नीट कळलं न्हाई. मी म्हणलं परत बोला. त्या परत बोलल्या. तेच.

मी म्हणलं, मंग मी कुणाला विचारू? त्या म्हणाल्या, "प्रेगुन्तेले आ एया."

तिलाच विचारा.

फोन ठेवल्यावर मी गोठ्यात जाऊन बसले. गाईला सांगितलं, बघ, एवढी भाषा शिकले आन् पयलं काय कळलं, तर माझी नात सासूच्या आड लपून मला बनवते. आन् मला हसू फुटलं. असं हसले की गाय उठून उभी ऱ्हायली. सासूच्या नावावर कोण खपवतंय, तर जिची सासू तिला माहेरी ढकलतेय ती. आमच्या गावात असली सासू असती तर तिच्या दारात रांग लागली असती.

मंग हसू थांबलं. तिलाच विचारा. शिरू, माझे मामा सासूबाईंशी बोलले, सासऱ्यांशी बोलले, शेजारच्याशीबी बोलले, छकड्याच्या बैलाशी बोलले असतील. मी दाराआड उभी व्हते. मला कुणी विचारलं न्हाई, यायचं का गं तुला? विचारलं असतं तर काय म्हणाले असते ते मला आजबी ठाऊक न्हाई. माझ्या मनात काय हाय ते मी कधी बघितलंच न्हाई. आन् आता मीबी तेच केलं. कोनसुएग्राला विचारायला तीन म्हयनं भाषा शिकले, तुला विचारायला मराठी येत व्हती की.

तवा विचारते. तुला यायचंय का, शिरू? हो म्हण न्हाईतर नाय म्हण. सासूला मधी आणू नको, मी तिच्याशी बोलते आता.

कुशाबाई

*

सारागोसा
२५ सप्टेंबर २०२५

आजी,

नाही. मला यायचं नाही.

हे वाक्य लिहायला मी सकाळपासून बसले आहे. सासूबाई समोर बसून सोललेल्या संत्र्याच्या फोडी माझ्यापुढे सरकवतायत आणि काही विचारत नाहीत. तुझा फोन आल्यापासून त्या मला काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, तुझी आजी फार सुंदर बोलते.

मला अल्वारो जवळ हवा आहे. आदेशच्या वेळचं मला आठवतं. मम्मी तिच्या माहेरी आळेफाट्याला होती, पप्पा पाचवीला गेले, पाहुण्यासारखे खुर्चीवर बसले, बाळाकडे लांबून बघितलं आणि चहा पिऊन परतले. मला तसं नको. तो श्वास घ्यायला शिकलाय, घेरी आली तरी चालेल, पण त्याने तिथे असावं. आणि मी तिकडे आले की तुम्ही सगळे मला इतकं सांभाळाल की मी पुन्हा दहावीतली शिरू होईन. मला या वेळी आई व्हायचंय.

हे मी जूनमध्येच सांगायला हवं होतं. पण तू चहात मीठ घातलंस म्हणून लिहिलंस, आणि माझा धीर झाला नाही. सासूबाईंचं नाव पुढे केलं, कारण वाटलं, तुला काय त्यांच्याशी बोलता येणार आहे.

आता दुसरं. मला माहेर नकोय, पण तू हवी आहेस. मी रात्री गोधडीचा फोटो मोठा करून बघते. सासूबाईंना तुमची रीत आता समजली आहे. त्या म्हणाल्या, मग मी आबांकडे मागणं घालते, तुमची बायको आमच्याकडे पाठवा. त्या वाक्य पाठ करायलाही बसल्या. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना, तिलाच विचारा.

म्हणून विचारते. आजी, येशील? तुला यायचंय का?

श्रेया

*

कळंब
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

शिरू,

तुझं पत्र ओट्यावर वाचलं. पयला शब्द वाचला आन् फोन पालथा ठेवला. दारावरच्या तोरणाची फुलं ओवून झाली, मंग पुढचं वाचलं. वाईट वाटलं न्हाई असं म्हणले तर खोटं व्हईल, आन् खोट्याचा कोटा तुझा तू वापरून टाकलास. डिंक लई महाग पडला. असू दे.

पण तुझा नाय सरळ हाय. असला नाय मी पयल्यांदाच बघितला आमच्या घरात. परत एकदा वाचला.

तुझी आई रडली, मंग म्हणाली, मलाबी ते जवळ पायजे व्हते त्या येळंला. सुदर्शननं ते ऐकलं, उठून गाईला वैरण घालायला गेला. गाईनं नुकतीच खाल्ली व्हती.

आता तुझ्या दुसऱ्या पानाचं. तुला यायचंय का. शिरू, हे कुणी विचारलं की छातीत काय व्हतं ते मला या वयात कळलं. मी लगेच आबांकडं निघाले विचारायला. दारापर्यंत गेले. मंग माघारी आले, पाटावर बसले आन् आधी मला विचारलं. मंग आबांकडं गेले आन् सांगितलं. विचारलं न्हाई, सांगितलं. आबा म्हणाले, किती दिवस? मी म्हणलं, बाळंतपण व्हईस्तोवर. ते म्हणाले, मग मला आग्वा कोण देणार. मी म्हणलं, माठ कुठं हाय ते तुमाला ठाऊक हाय.

सोमवारी आदेश मला पासपोर्टाला पुण्याला नेतोय. तिथं नवऱ्याचं नाव सांगावं लागतं म्हणे. लिहून देईन. आदेश म्हणतो विजा मिळायला येळ लागतो, कागद लई मागतात. मागू देत. गजराबाई म्हणते, मेंढरं वळायला निघालीस का शेवटी. तिचा निरोप हाय पिलारबाईंना, पोळी नको म्हणू नये.

गोधडी आणते. डिंकाचे लाडू आणते, दोन जावईबापूंचे, घेरी येणाऱ्यानं खाल्लेले बरे. मालीश कशी करायची ते मी सुईणबाईला शिकवीन, तिनं मला श्वास शिकवावा.

तर उत्तर असं. सी. यायचंय मला.

आन् पिलारबाईंना आधीच सांगून ठेव. मीबी विहीणच हाय, आन् मला आजपर्यंत नीट रुसायला मिळालेलं न्हाई, सुदर्शनच्या लग्नात कामातनं सवड झाली न्हाई आन् बाकी येळा मी मुलीकडची. तिकडं आले की एकदा रुसणार हाय. कशावरूनबी, मिठावरूनबी. दाराशी जाऊन बसणार. त्यांनी येऊन समजूत काढायची. स्पॅनिशमधी काढली तरी चालंल, मला समजतं.

तुझी आजी
कुशाबाई